इंग्रजी जिभेवरची इटालियन : उच्चार आणि अर्थ यांच्या वादाचा आढावा

आभार मानताना इटलीतला माणूस ‘ग्रात्स्ये’ म्हणतो. हाच शब्द इंग्रजी बोलणाऱ्याच्या तोंडून येतो तेव्हा त्यात चार बदल झालेले असतात. शेवटचा ‘ए’ गळतो आणि ‘ग्राट्सी’ एवढेच उरते. मधल्या ‘त्स’वरचा दुहेरी ठेका हरवतो. दातांना जीभ लावून म्हणायचा ‘त’ वर सरकून ‘ट’ होतो. आणि जिभेच्या टोकावर वाजणारा ‘र’ मागे वळून मऊ पडतो. एवढे होऊनही समोरच्या दुकानदाराला शब्द कळतो. तो ‘प्रेगो’ म्हणतो, आणि पाहुण्याची दुसरी अडचण सुरू होते. ‘प्रेगो’ म्हणजे ‘आभार कशाला’, की ‘बसा ना’, की ‘काय देऊ?’

इंग्रजी भाषकांनी नेहमीची इटालियन वाक्ये कशी उच्चारावीत आणि त्यांचे अर्थ कसे समजून घ्यावेत, यावर साडेचार शतके लिहिले जात आहे. व्याकरणकार, कोशकार, प्रसारण संस्था, गायनशिक्षक, ध्वनिशास्त्रज्ञ, अशा निरनिराळ्या लोकांनी यात भाग घेतला आहे. हे सारे वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. इथे प्रश्न दोन आहेत आणि ते एकमेकांत मिसळले जातात. इटालियनमधून येऊन इंग्रजीत स्थायिक झालेला शब्द कसा म्हणावा, हा एक. इटलीत इटालियन माणसाशी बोलताना वाक्य कसे म्हणावे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला लावले, की भांडण होते.

ही गरज आली कुठून

इंग्रजी वाचकासाठी लिहिलेले पहिले इटालियन व्याकरण 1550 साली लंडनमध्ये छापले गेले. लेखक विल्यम थॉमस हा वेल्श गृहस्थ इटलीत राहून आला होता. त्याचा हेतू दान्ते, पेत्रार्का, बोक्काच्यो यांचे ग्रंथ वाचता यावेत एवढाच होता. बोलण्याची गरज पुढच्या पिढीने ओळखली. धर्मच्छळामुळे इंग्लंडमध्ये आश्रय घेतलेल्या इटालियन बापाचा लंडनमध्ये जन्मलेला मुलगा जॉन फ्लोरिओ याने 1578 मध्ये संवादांचे पुस्तक काढले. एका बाजूला इटालियन, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. विषय रोजचे, भेटीगाठींचे. 1598 मध्ये त्याचा इटालियन–इंग्रजी कोश आला आणि 1611 मध्ये त्याची वाढीव आवृत्ती निघाली.

अठराव्या शतकात हे काम तोरीनोचा जुझेप्पे बारेत्ती याने पुढे नेले. इंग्रजी कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सनच्या मित्रमंडळातल्या या लेखकाचा इंग्रजी–इटालियन कोश 1760 चा आहे. पण मला त्याचे 1775 चे संवादपुस्तक जास्त महत्त्वाचे वाटते. ते त्याने त्याच मंडळातल्या हेस्टर थ्रेल यांच्या मुलीला इटालियन शिकवताना लिहिले आणि त्याला जॉन्सनने प्रस्तावना लिहिली. थॉमसने इटालियन वाचण्यासाठी शिकवली होती, बारेत्ती ती घरात बोलण्यासाठी शिकवत होता. आजच्या प्रवासी वाक्यपुस्तकांचे मूळ या वळणावर आहे.

दरम्यान इंग्लंडचे श्रीमंत तरुण शिक्षणाचा भाग म्हणून इटलीची लांबलचक यात्रा करून येऊ लागले होते. ऑपेरा लंडनच्या रंगमंचावर आला. ‘पियानो’, ‘आल्लेग्रो’, ‘सोप्रानो’ हे शब्द इंग्रजीत बसले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चित्र पुन्हा बदलले. 1880 ते 1920 या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेत गेले आणि त्यांच्याबरोबर स्वयंपाकघरातले शब्द गेले. थोडक्यात, इंग्रजीत इटालियन तीन दारांनी शिरली: ग्रंथ, संगीत आणि स्वयंपाक. प्रत्येक दाराशी उच्चार वेगळा पडला.

कोणाची इटालियन?

‘मूळ उच्चार करा’ असे सांगणाऱ्याला आधी विचारावे लागते, की मूळ कुठले? हा प्रश्न इटलीतच फार जुना आहे. बोलभाषांपैकी साहित्याला योग्य कोणती, याचा शोध दान्तेने चौदाव्या शतकाच्या आरंभी घेतला. 1525 मध्ये पिएत्रो बेंबोने दोनशे वर्षांपूर्वीच्या फ्लोरेन्सच्या लेखकांची भाषा प्रमाण मानावी असा आग्रह धरला. 1583 मध्ये फ्लोरेन्समध्ये आक्कादेमिया देल्ला क्रुस्का ही भाषासंस्था स्थापन झाली आणि 1612 मध्ये तिचा कोश आला. मान्झोनीने आपली कादंबरी एकोणिसाव्या शतकात पुन्हा फ्लोरेन्सच्या बोलीच्या अंगाने लिहून काढली. यात उच्चाराचा प्रश्न जवळजवळ कोणी विचारला नाही, कारण ही भाषा मुख्यतः कागदावर होती.

किती कागदावर, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. 1861 मध्ये इटली एक झाली तेव्हा इटालियन बोलू शकणारे लोक अडीच टक्के होते, असा अंदाज तुल्लिओ दे मौरो यांनी 1963 मध्ये मांडला. अर्रीगो कास्तेल्लानी यांनी पुढे तो सुमारे 10 टक्क्यांवर नेला. तोस्काना आणि मध्य इटलीच्या काही भागातल्या लोकांची घरची बोलीच इटालियनच्या इतकी जवळ होती, की त्यांना इटालियन भाषक धरलेच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. कुठलाही आकडा घेतला, तरी बहुसंख्य इटालियनांची मायबोली नापोलीची, व्हेनिसची, सिसिलीची अशी वेगळीच होती. शाळा, सैन्य, रेडिओ आणि 1954 मध्ये सुरू झालेले दूरचित्रवाणी प्रसारण यांनी देशाला एक बोलती भाषा दिली.

प्रमाण उच्चार ग्रंथबद्ध झाला तो 1969 मध्ये. राय या सरकारी प्रसारण संस्थेसाठी मिल्योरीनी, ताल्यावीनी आणि फ्योरेल्ली यांनी केलेला उच्चारकोश आजही निवाड्याला घेतला जातो. त्याची बैठक फ्लोरेन्सची. 1999 मध्ये लुचानो कानेपारी यांनी निराळा कोश दिला. पारंपरिक, आधुनिक, चालण्यासारखा, खपवून घेण्यासारखा असे उच्चारांचे दर्जे त्यांनी लावले. ‘घर’ या अर्थाच्या ‘कासा’ शब्दातला ‘स’ परंपरेने अघोष आहे. उत्तरेत तो घोष, म्हणजे इंग्रजी ‘झू’मधल्या पहिल्या ध्वनीसारखा ऐकू येतो आणि आता तोच अनेकांना रुबाबदार वाटतो. ‘घरी’ म्हणताना रोमचा माणूस दोन शब्द जोडून ‘आक्कासा’ म्हणतो, मिलानचा ‘आ कासा’. दोघेही इटालियन आहेत आणि दोघांपैकी कोणी चुकत नाही. इंग्रजी वाक्यपुस्तकांत मात्र या फरकाचा पत्ताच नसतो.

इंग्रजीत स्थायिक झालेले शब्द : तीन भूमिका

पहिली भूमिका सांगते, की शब्द आपल्या भाषेत आला म्हणजे तो आपल्या नियमांनी चालावा. 1913 मध्ये कवी रॉबर्ट ब्रिजेस यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या शुद्ध इंग्रजी मंडळाने परक्या शब्दांना इंग्रजी रूप आणि इंग्रजी उच्चार द्यावेत असा पुरस्कार केला. 1926 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या वापरकोशात फाउलर यांनी इंग्रजी वाक्याच्या मध्येच परदेशी उच्चाराची कसरत करणे हे ज्ञानाचे प्रदर्शन ठरवले आणि ते संपत्तीच्या प्रदर्शनाइतकेच अशिष्ट मानले. या बाजूला एक भक्कम युक्तिवाद आहे: सगळ्याच भाषा असे करतात. इटालियन माणूस ‘कोलगेट’ला ‘कोलगाते’ म्हणतो आणि त्यात कोणाला गैर वाटत नाही.

दुसरी भूमिका मुळाशी इमान राखण्याची आहे. तिचे आवडते उदाहरण ‘ब्रुस्केत्ता’. निखाऱ्यावर भाजणे या अर्थाच्या रोमच्या बोलीतल्या क्रियापदावरून हा शब्द आला. इटालियन लिपीत ‘सी’पुढे ‘एच’ आला की उच्चार ‘क’ होतो. इंग्रजी आणि जर्मन वळणाने वाचणारे त्याचा ‘श’ करून ‘ब्रुशेटा’ म्हणतात. इमानवाल्यांचे म्हणणे असे, की इंग्रजीत ‘क’ आहेच. जो ध्वनी आपल्याकडे आहे तो वापरायला अडचण कसली? ‘र’ थरथरवा अशी सक्ती कोणी करत नाही. निदान अक्षर चुकीचे वाचू नका. या मर्यादित रूपात ही मागणी मला रास्त वाटते.

तिसरी भूमिका बहुतेक चर्चांतून सुटते आणि तीच सर्वांत विचार करायला लावणारी आहे. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कच्या इटालियन वस्त्यांत ‘कापोकोल्लो’ या मांसप्रकाराला ‘गाबागूल’, ‘मोत्सारेल्ला’ला ‘मुत्सारेल’ आणि ‘रिकोत्ता’ला ‘रिगोट’ म्हणतात. मिलानहून आलेला पाहुणा हे ऐकून बुचकळ्यात पडतो आणि अमेरिकेत जन्मलेल्यांनी भाषा मोडली असे समजतो. पण दक्षिण इटलीच्या बोलींत शब्दाचा शेवटचा स्वर पुसट होतो आणि ‘क’, ‘प’ अनेकदा ‘ग’, ‘ब’कडे झुकतात. स्थलांतरितांनी हेच उच्चार आजी-आजोबांकडून घेतले. त्यांचे पूर्वज निघाले तेव्हा त्यांच्या गावात प्रमाण इटालियन पोहोचलीच नव्हती. मग यांना चूक म्हणायचे कोणत्या अधिकाराने? शहाण्या अभ्यासकांनी हा उच्चार वारसा म्हणून नोंदवला आहे आणि त्यापुढे निवाडा दिलेला नाही.

संस्था मधला मार्ग धरतात. बीबीसीने 1926 मध्ये ब्रिजेस यांच्या अध्यक्षतेखाली उच्चारसल्लागार समिती नेमली. पुढे जॉर्ज बर्नार्ड शॉ तिचे अध्यक्ष झाले. आज तिथला उच्चार विभाग जे धोरण पाळतो ते साधे आहे: रूढ इंग्रजी नाव असेल तर ते वापरा, नसेल तर मूळ उच्चाराच्या जितके जवळ जाता येईल तितके जा. म्हणून ‘फिरेन्त्से’ नव्हे, ‘फ्लोरेन्स’. पण ‘लेगहॉर्न’ हे जुने नाव मागे पडून ‘लिव्होर्नो’ आले. 2006 च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या वेळी हा प्रश्न जाहीरपणे उभा राहिला. अमेरिकेची एनबीसी वाहिनी ‘तोरीनो’ म्हणत राहिली आणि बऱ्याच इंग्रजी वृत्तपत्रांनी ‘ट्युरिन’ सोडले नाही.

समोर इटालियन माणूस असेल तेव्हा

दुसऱ्या प्रश्नाची कसोटी वेगळी आहे. इथे ‘बोललेले समजले का?’ एवढेच पाहायचे. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग या उच्चाराच्या अभ्यासकांनी 1995 मध्ये तीन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या: परकी ढब किती जाणवते, ऐकणाऱ्याला किती कष्ट पडतात आणि प्रत्यक्षात किती समजते. ढब ठळक असूनही बोलणे पूर्ण समजू शकते, हे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. 2005 मध्ये जॉन लेव्हिस यांनी उच्चारशिक्षणातल्या दोन तत्त्वांना नावे दिली: एक स्थानिकासारखे बोलण्याचे, दुसरे समजण्यासारखे बोलण्याचे. त्यानंतरची बरीच चर्चा याच दोन टोकांमध्ये फिरते.

स्थानिकासारखे बोलणे किती अवघड आहे, याचा पुरावा उलट दिशेने मिळाला. जेम्स फ्लेगे आणि सहकाऱ्यांनी कॅनडात स्थायिक झालेल्या 240 इटालियनांच्या इंग्रजीचा अभ्यास 1995 मध्ये प्रसिद्ध केला. जितक्या लहान वयात माणूस आला तितकी ढब कमी, हे अपेक्षितच होते. पण पौगंडावस्थेच्या बऱ्याच आधी आलेल्यांतही अनेकांची ढब ऐकू येत होती. मग दहा दिवसांच्या प्रवासाला निघालेल्या प्रौढ इंग्रजाकडून निर्दोष उच्चाराची अपेक्षा करणे व्यर्थ. काय नीट करायचे आणि काय सोडून द्यायचे, हे ठरवणे उपयोगाचे.

माझ्या मते नीट करण्याच्या गोष्टींत पहिला मान दुहेरी व्यंजनाचा. इंग्रजी लिहिते दोन व्यंजने आणि म्हणते एक. ‘हॅपी’, ‘बटर’ यांत दुसरे ‘पी’ किंवा ‘टी’ कानावर पडत नाही. इटालियनमध्ये ते दुसरे अक्षर अर्थ फिरवते. ‘पाला’ म्हणजे फावडे, ‘पाल्ला’ म्हणजे चेंडू. ‘काप्पेल्लो’ ही टोपी, ‘कापेल्लो’ हा केस. ‘सेते’ तहान, ‘सेत्ते’ सात. ‘पेन्ने’ हा पास्ताचा प्रकार मागताना एक ‘न’ गळला तर पुरुषाच्या इंद्रियाचे नाव तयार होते आणि ‘बुओन आन्नो’ अशी नववर्षाची शुभेच्छा देताना तीच चूक झाली तर गुदद्वाराचा उल्लेख होतो. इंग्रजीत एका शब्दाच्या आत हा ठेका नाही, पण शब्दांच्या सांध्यावर आहे. ‘बुककेस’, ‘नाइट टाइम’ म्हणताना जीभ क्षणभर थांबते. चांगले शिक्षक याच सांध्याचा आधार घेऊन सुरुवात करतात.

मराठी वाचकाला हा मुद्दा समजावून सांगायची गरज नाही. ‘कला’ आणि ‘कल्ला’, ‘पता’ आणि ‘पत्ता’ यांतला फरक आपल्या कानात आहे.

दुसरी गोष्ट आघाताची. इटालियन शब्दांत आघात बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो, पण नेहमी नाही, आणि लिपी तो फक्त शेवटच्या अक्षरावर असताना दाखवते. ‘आन्कोरा’ हा शब्द सुरुवातीला जोर दिला तर नांगर, मध्ये दिला तर ‘अजून’. ‘प्रिन्चिपी’ एका आघाताने राजपुत्र, दुसऱ्याने तत्त्वे. जोर चुकला तर ऐकणाऱ्याला पूर्ण शब्दच ओळखू येत नाही.

तिसरी गोष्ट स्वरांची, आणि इथे तज्ज्ञांत मतभेद आहेत. प्रमाण इटालियनमध्ये आघाताखाली सात स्वर येतात, कारण ‘ए’ आणि ‘ओ’ प्रत्येकी उघडे व मिटलेले असे दोन आहेत. ‘पेस्का’ उघड्या ‘ए’ने पीच हे फळ आणि मिटलेल्याने मासेमारी. ‘बोत्ते’ मिटलेल्या ‘ओ’ने पिंप, उघड्याने मार. कोशकार हा भेद काटेकोर पाळतात. पण सिसिलीत आघाताखालीही पाचच स्वर आहेत आणि उत्तरेत उघडे-मिटलेले यांची वाटणी फ्लोरेन्सपेक्षा वेगळी आहे. त्यामुळे बहुसंख्य पाठ्यपुस्तके हा भेद सोडून देतात. मला ते मान्य आहे. मात्र इंग्रजीचा ‘ओ’ शेवटी ‘उ’कडे आणि ‘ए’ ‘इ’कडे घसरतो, ती सवय मोडली पाहिजे, ‘प्रेगो’चा ‘प्रेइगोउ’ झाला की कान लगेच अडखळतो. तसाच शब्दाच्या शेवटचा स्वरही जपला पाहिजे. तो एकवचन-अनेकवचन, स्त्री-पुरुष हे सारे वाहतो. गायकाला दाद देताना ‘ब्राव्हो’, गायिकेला ‘ब्राव्हा’, दोघांना मिळून ‘ब्राव्ही’. इंग्रज श्रोते सर्वांना ‘ब्राव्हो’च म्हणतात.

‘र’चे मात्र फार मनावर घेऊ नये. घशातला ‘र’ काढणारे इटालियनही आहेत.

अर्थाचा गुंता

उच्चारावर जेवढे लिहिले गेले, तेवढे अर्थावर नाही. प्रत्यक्षात अडचण अर्थाचीच मोठी. आधी प्रवासात बदललेले शब्द पाहू. इटलीच्या कॉफीच्या दुकानात नुसते ‘लात्ते’ मागितले तर पेल्यात दूध येते, कारण शब्दाचा अर्थ दूध. ‘पेपेरोनी’ म्हणजे ढोबळी मिरच्या; अमेरिकन पिझ्झावरचे मांस नव्हे. ‘पानीनी’ हे अनेकवचन, एक हवा असेल तर ‘पानीनो’. ‘कोन्फेत्ती’ म्हणजे लग्नात वाटायचे साखरेत घोळवलेले बदाम, उधळायच्या कागदी चकत्यांना ‘कोरियान्दोली’ म्हणतात. इंग्रजीत ‘अल फ्रेस्को’ म्हणजे उघड्यावरचे जेवण. इटालियनमध्ये ‘आल फ्रेस्को’ गेलेला माणूस, म्हणजे थंडाव्याला गेलेला, तुरुंगात असतो. उलट दिशेचे फसवे शब्दही आहेत. नळावरचा ‘सी’ हा ‘काल्दो’चा, म्हणजे गरम पाण्याचा, इंग्रजी ‘कोल्ड’ समजून हात घालणारा पोळतो.

या याद्या वाक्यपुस्तके आवडीने देतात. त्यांच्यापुढचा थर अवघड आहे, कारण तो कोशात नीट बसत नाही. ‘प्रेगो’चा शब्दशः अर्थ ‘मी विनवतो’. आभारांना उत्तर देताना, दारात आधी जायला सांगताना, खुर्ची दाखवताना, गिऱ्हाइकाला विचारताना, नीट ऐकू आले नाही तेव्हा, अशा सर्व जागी तो येतो आणि अर्थ प्रसंग ठरवतो. ‘मागारी’चे इंग्रजी भाषांतर ‘कदाचित’ असे छापतात. पण ‘सुट्टीला येणार का?’ या प्रश्नाला एकट्याने आलेला ‘मागारी!’ म्हणजे ‘तसे झाले तर आणखी काय हवे!’ ‘बो’ म्हणजे खांदे उडवून म्हटलेले ‘कुणास ठाऊक’. ‘दाय’चा मूळ अर्थ ‘दे’, वापर मात्र ‘अरे चल ना’ असा. ‘मीका’ म्हणजे कधीकाळी कण. आता तो नकाराला जोर देतो. इंग्रजी पुस्तकांना ‘मीका’ समजावायला परिच्छेद लागतो. मराठीत ‘मी काही येणार नाही’ मधला ‘काही’ नेमके तेच काम करतो. दुसऱ्याच्या घरात शिरताना इटालियन माणूस ‘पेर्मेस्सो?’ म्हणतो, आपण ‘येऊ का?’ म्हणतो.

शुभेच्छेचे ‘इन बोक्का आल लूपो’ हे वाक्य स्वतंत्र वादाचा विषय आहे. ‘लांडग्याच्या तोंडात’ असा त्याचा अर्थ. उत्तर ठरलेले: ‘क्रेपी’, मरो तो. क्रुस्काच्या अभ्यासकांनी ही शिकाऱ्यांच्या बोलीतली, अशुभ टाळण्यासाठी उलटे बोलण्याची रीत मानली आहे. अलीकडे लांडगी पिल्लांना तोंडात धरून सुरक्षित नेते, म्हणून हे वाक्य मायेचे आहे, असे सांगणारा मजकूर फिरतो आणि प्राणिप्रेमी ‘लांडगा जगो’ असे उत्तर देतात. व्युत्पत्ती म्हणून हे टिकत नाही. पण हे उत्तर देणारे लोक आज आहेत, हेही खरेच. म्हणून शिकवताना दोन्ही उत्तरे सांगावी लागतात.

आणि सर्वांत वर संबोधन. ‘चाओ’ हा इंग्रजी जगात सर्वांत परिचित इटालियन शब्द. तो व्हेनिसच्या बोलीतल्या ‘दास’ या अर्थाच्या शब्दावरून आला. ‘आपला दास’ असा त्याचा मूळ भाव. आपल्या जुन्या पत्रांतल्या साष्टांग नमस्कारासारखी ती नम्रतेची भाषा होती. आज ती घसरून फक्त जवळच्यांपुरती राहिली आहे. इंग्रज पाहुणा औषधाच्या दुकानातल्या वृद्ध बाईंना ‘चाओ’ म्हणतो, तेव्हा उच्चार निर्दोष असूनही बोलणे उद्धट होते. तिथे ‘बुओन्जोर्नो’ हवे, शंका असेल तर ‘साल्व्हे’. इंग्रजीत ‘यू’ एकच असल्याने ‘तू’ आणि ‘लेई’ यांतला भेद इंग्रजी भाषकाला नव्याने शिकावा लागतो. ‘स्कूजा’ सलगीचे, ‘स्कूजी’ आदराचे. ‘कोमे स्ताय’ मित्राला, ‘कोमे स्ता’ परक्याला. ‘लेई’चा मूळ अर्थ ‘ती’. 1938 मध्ये फॅसिस्ट राजवटीने ‘लेई’ परकी आणि गुलामी ठरवून ‘व्होई’ची सक्ती केली, ‘लेई’ नावाच्या महिला मासिकाला, तिथे तो शब्द ‘ती’ या अर्थाने असूनही, नाव बदलून ‘आन्नाबेल्ला’ व्हावे लागले. राजवट गेली आणि ‘लेई’ परतली. दक्षिणेत ज्येष्ठांसाठी ‘व्होई’ अजून ऐकू येते.

शिकवायचे कसे

छापील वाक्यपुस्तकांची मुख्य पद्धत इंग्रजी स्पेलिंगने उच्चार दाखवण्याची आहे. तिचा फायदा एवढाच, की ती लगेच वापरता येते. तोटा मूलभूत आहे: इंग्रजी स्पेलिंग स्वतःच अनिश्चित. एकच नक्कल लंडनचा, टेक्सासचा आणि सिडनीचा वाचक तीन तऱ्हांनी वाचतो. 1886 मध्ये पॅरिसला स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संघटनेची लिपी अचूक आहे, पण प्रवाशाला ती शिकायची सवड नसते. ती खरी रुजली गायकांत. एव्हेलीना कोलोर्नी यांचे गायकांसाठीचे 1970 चे उच्चारपुस्तक इंग्रजी जगात दीर्घकाळ वापरले गेले. गायक दुहेरी व्यंजन आणि शुद्ध स्वर यांवर जितकी मेहनत घेतात तितकी कोणताही पर्यटक घेत नाही. मात्र शब्दागणिक उच्चार पाठ करणारा हाच गायक दुकानात वाक्य जुळवताना अडखळू शकतो.

तिसरी पद्धत इटालियन लिपीचे मोजके नियम शिकवण्याची. ‘सी’ आणि ‘जी’ यांच्यापुढे ‘ए’ किंवा ‘इ’ आला, तर अनुक्रमे ‘च’ आणि ‘ज’. मध्ये ‘एच’ आला की ‘क’ आणि ‘ग’. ‘जी’ला ‘एन’ जोडला की अनुनासिक ‘ञ’. इटालियन लिपी इतकी नियमित आहे, की एका दुपारी हे हाताशी येते आणि त्यानंतर कुठलीही पाटी वाचता येते. आघात, उघडे-मिटलेले स्वर आणि ‘झेड’चा उच्चार यांसारख्या थोड्या गोष्टी ती सांगत नाही; ‘झेड’ ‘त्स’ आहे की ‘द्झ’ हे शब्दाशब्दाने शिकावे लागते. तिन्हींत मला हीच पद्धत सरस वाटते. मोबाइलमधल्या अनुप्रयोगांनी हवा तेव्हा उच्चार ऐकण्याची सोय केली, ही मोठी भर आहे. समोरच्याला ‘तू’ म्हणावे की ‘लेई’ हे मात्र यंत्रातून ऐकून उमगत नाही.

अनिर्णित बाबी अजून बऱ्याच आहेत. उघड्या-मिटलेल्या स्वरांचा आग्रह शिकणाऱ्याकडे धरावा का, मिलानचा उच्चार शिकवावा की फ्लोरेन्सचा, इंग्रजी कोशांनी ‘ब्रुशेटा’ हा पर्यायी उच्चार म्हणून नोंदवावा की चूक म्हणून, या प्रश्नांवर जाणकार आजही वेगवेगळ्या बाजूंना आहेत.

मराठी वाचकापुरते

इटली आपल्याकडे इंग्रजीच्या मार्गाने आली. सावरकरांच्या 1907 च्या मराठी ग्रंथात जुझेप्पे मात्सीनी हा ‘जोसेफ मॅझिनी’ झाला. गारीबाल्दी ‘गॅरिबाल्डी’ झाला, पीत्सा ‘पिझ्झा’ झाला. रूढ झालेली ही रूपे मराठीतच राहू द्यावीत. इंग्रजीला जो न्याय, तोच आपल्याला. पण इटलीला जाणारे किंवा इटालियन शिकणारे मराठी लोक आजही इंग्रजी वाक्यपुस्तके उघडतात आणि इंग्रजांच्या अडचणी विनाकारण उसन्या घेतात. दंत्य ‘त’ आणि ‘द’ आपल्याकडे आहेत. ‘पीत्सा’मधला ध्वनी ‘चाक’मध्ये आहे, ‘चाओ’मधला ‘चिमणी’त, आणि ‘चिंच’ या एका शब्दात तर दोन्ही आहेत. ‘द्झेरो’चा आरंभ ‘जोर’सारखा, ‘जोर्नो’चा ‘जीव’सारखा. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ कुणाला म्हणायचे, हेही आपण लहानपणी शिकलो आहोत. तेव्हा इंग्रजी पुस्तकातला कंसातला उच्चार झाकून ठेवावा, इटालियन माणसाचा आवाज ऐकून शब्द देवनागरीत लिहून घ्यावा, आणि जोर कुठे आहे तिथे पेन्सिलीने खूण करावी.